एक हिवाळा घरी

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, या बायका आता कुठल्या कुठे निघाल्या. कारण आज आम्ही बोलणार आहोत युरोपातल्या ऑस्ट्रिया देशातल्या एका बाईबद्दल. ती बर्फाच्या डोंगरावरून पायाला पट्ट्या बांधून खाली सुटायची, आणि तिच्या काळात तिच्याइतक्या शर्यती जगात कुठल्याच बाईने जिंकल्या नव्हत्या. पण हा विषय आम्ही हौसेनं शोधलेला नाही. तो आमच्याकडे आला मासिक बैठकीतून.

झालं असं की आमच्या एका गटातल्या ताईचे वडील अंथरुणाला खिळले. पाठचा भाऊ नाही. ती आठ महिने माहेरी राहिली. बचतीचे हप्ते थकले, बैठका चुकल्या. वडील गेले, दिवसपाणी झालं आणि ती परत आली. आता प्रश्न असा की कर्जाच्या पाळीत तिला जुन्या जागी धरायचं, की नव्या सभासदासारखं सगळ्यांच्या शेवटी बसवायचं? एक म्हणाली, "एसटीतून उतरलं की सीट गेली." दुसरी म्हणाली, "उतरली ती काय जत्रेला गेली होती का?" दोघींचं बोलणं खरं होतं. आम्ही समन्वयक म्हणवतो, पण त्या दिवशी आम्हालाही काही ठरवता आलं नाही.

घरी आल्यावर ही ऑस्ट्रियाची बाई आठवली. आम्ही बी. ए. ला इतिहास घेतला होता. त्यात राजे होते, तह होते, लढायांची सनावळी होती. खेळणारी बाई मात्र एकही नव्हती. तेव्हा हिचीही सनावळी एकदा नीट मांडावी म्हटलं.

तिचं नाव आनेमारी प्रोल. जन्म २७ मार्च १९५३, गाव क्लाइनआर्ल. ऑस्ट्रियाच्या झाल्सबुर्ग राज्यात डोंगरांच्या मधल्या एका अरुंद खोऱ्यात हे गाव आहे. वडील डोंगरउतारावरचे शेतकरी आणि घरात आठ भावंडं. तिकडे हिवाळ्यात शेतं, रस्ते, कुरणं सगळं बर्फाखाली जातं, त्यामुळे मुलं चालायला शिकतात तशी बर्फावर घसरायलाही शिकतात. आनेमारीच्या पायात पहिल्या स्की आल्या त्या चौथ्या वर्षी, वडिलांनी लाकूड तासून केलेल्या. आपल्याकडे बाप पोराला बाभळीचा भोवरा करून देतो, तसंच म्हणा. या वडिलांना लक्षात ठेवा, ते गोष्टीत पुढे परत येणार आहेत.

स्की म्हणजे बुटाला अडकवायच्या लांब, अरुंद पट्ट्या, पुढच्या टोकाला वर वळलेल्या. त्यांच्यावर उभं राहून उतारावरून घसरत यायचं. शर्यतीचे प्रकार बरेच. काहींत खांब जवळजवळ रोवलेले असतात, त्यांना वळसे घालत यायचं, म्हणजे पायाची चपळाई महत्त्वाची. त्याला स्लॅलम म्हणतात. खांब जरा लांब लांब असले की जायंट स्लॅलम. आणि एक प्रकार निव्वळ वेगाचा, तो म्हणजे डाउनहिल. डोंगराच्या माथ्याजवळून सुटायचं ते थेट पायथ्याशी थांबायचं. वळणं थोडी, वेग ताशी शंभर किलोमीटरच्याही वर. मध्ये उंचवटे येतात, तिथे माणूस अक्षरशः हवेत फेकला जातो. सगळ्या जणी एकदम धावत नाहीत. एकेक जण सुटते, घड्याळ लावलेलं असतं आणि सेकंदाचे शंभर भाग करून वेळ मोजतात. वाऱ्याला कमी अंग लागावं म्हणून गुडघे वाकवून, छाती मांड्यांना टेकवून, बसल्यासारखं होऊन यायचं. जी घाबरून जरा उभी झाली तिचा वेग गेला. पडलं तर हाडं मोडतात. या शर्यतीत जीवही गेलेले आहेत. आज सुपर-जी नावाचा वेगाचा आणखी एक प्रकार आहे, पण आनेमारीच्या काळात तो अजून सुरू व्हायचा होता. वेगवान बाई कोण, हे ठरायचं ते डाउनहिलवर.

या खेळात देशोदेशी फिरून हिवाळाभर शर्यती खेळायच्या आणि गुण जमा करायचे, ही वर्ल्ड कपची पद्धत १९६७ साली सुरू झाली. बायकांसाठीही त्याच वर्षापासून. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६८ मध्ये, चौदा वर्षांची आनेमारी बाड गास्टाइन या जवळच्या गावी पहिल्यांदा वर्ल्ड कपची डाउनहिल उतरली. आली सगळ्यात शेवटी. मैत्रिणींनो, आम्हाला हे फार आवडतं. पुढे जिच्या नावावर विक्रम लागले, तिची पहिली नोंद शेवटच्या नंबरची आहे आणि ती कुणी खोडलेली नाही.

दोन वर्षांत चित्र पालटलं. जानेवारी १९७० मध्ये मारिबोरला तिनं पहिली वर्ल्ड कप शर्यत जिंकली, तीही जायंट स्लॅलमची. वय सोळा. १९७१ च्या मोसमात, अठरा पूर्ण व्हायच्या आत, सगळ्या प्रकारांचे गुण मिळून ती जगात पहिली आली. मग १९७२, १९७३, १९७४, १९७५. सलग पाच वर्षं पहिली.

त्यातला १९७२-७३ चा हिवाळा तर ऐकाच. त्या मोसमात बायकांच्या आठ डाउनहिल झाल्या. आठही तिनं जिंकल्या. पुढच्या मोसमातल्या धरून सलग अकरा. आता आम्हा हिशोबवाल्यांना खटकणारी एक गोष्ट. तेव्हाच्या नियमानं एका प्रकारातले ठरावीक सर्वांत चांगले निकालच एकूण गुणांत धरायचे. म्हणजे आठ वेळा पहिली आली तरी आठही वेळचे गुण खात्यावर चढायचे नाहीत. एकाच प्रकाराच्या जोरावर कुणी अजिंक्यपद नेऊ नये, चहूकडे चांगली असणारी पुढे यावी, हा त्यामागचा विचार. नियम सगळ्यांना सारखा होता, तक्रार नाही. पण पैसे भरले आणि पासबुकात चढले नाहीत तर कसं वाटतं, हे आम्हाला सांगायला नको. आनेमारीनं यावर उपाय काढला तो साधा. ती इतर प्रकारही जिंकत गेली. तिच्या एकूण ६२ विजयांत ३६ डाउनहिलचे, १६ जायंट स्लॅलमचे, ३ स्लॅलमचे आणि ७ एकत्रित गुणांच्या स्पर्धेचे आहेत.

एवढं असून एक गोष्ट हाती येत नव्हती, ऑलिंपिकचं सुवर्णपदक. फेब्रुवारी १९७२ मध्ये जपानमध्ये साप्पोरोला हिवाळी ऑलिंपिक होतं. ती तिथे पोचली तीच जगातली पहिल्या नंबरची म्हणून. पण संघाचं वातावरण बिघडलेलं होतं. ऑस्ट्रियाचा नामांकित खेळाडू कार्ल श्रान्त्स याला स्पर्धा सुरू व्हायच्या तीन दिवस आधी बाद केलं गेलं. कारण काय, तर त्यानं आपलं नाव आणि फोटो जाहिरातीला वापरू दिले. तेव्हा ऑलिंपिकमध्ये खेळायचं तर खेळावर पैसा मिळवायचा नाही, असा दंडक होता. ऑस्ट्रियाचा सगळा संघ परत जाणार असं आधी ठरत होतं, मग तो राहिला. शेतकऱ्याच्या घरच्या मुलीनं वर्षातले कितीतरी महिने डोंगरावर घालवायचे आणि कमाईचं नाव काढायचं नाही, हा नियम ज्यांनी केला त्यांच्या घरी चूल कोण पेटवत होतं, असा प्रश्न आम्हाला पडतो. असो.

डाउनहिल झाली एनिवा डोंगरावर. स्वित्झर्लंडची सतरा वर्षांची मारी-थेरेस नादिग आनेमारीच्या पुढे गेली, ०.३२ सेकंदानं. आपण टाळीसाठी हात उचलतो, तेवढ्यात हे होऊन जातं. तीन दिवसांनी जायंट स्लॅलम. पुन्हा नादिग पहिली, आनेमारी दुसरी. दोन रौप्यपदकं. दुसऱ्या कुणाची तर घरी मिरवणूक निघाली असती. पण जिच्याकडून पहिलाच नंबर धरलेला असतो, तिच्या दुसऱ्या नंबराला लोक हार म्हणतात. पहिली येणाऱ्या सुनेचं आणि पहिल्या नंबराच्या पोरीचं हेच होतं.

पुढचं ऑलिंपिक १९७६ चं, आणि तेही कुठे? इन्सब्रुकला, म्हणजे ऑस्ट्रियातच, तिच्या झाल्सबुर्गला लागून असलेल्या टिरोल राज्यात. घरचं मैदान, घरचे लोक. आणि ती पूर्ण भरात. १९७४ मध्ये सेंट मॉरिट्झला ती डाउनहिलची विश्वविजेती झाली होती. त्याच वर्षी हर्बर्ट मोझर यांच्याशी तिचं लग्न झालं आणि ती आनेमारी मोझर-प्रोल या नावानं उतरू लागली. मधली आडवी रेघ ध्यानात घ्या. नवऱ्याचं नाव आलं, पण माहेरचं गेलं नाही. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं, म्हणून किती जणींच्या फायली अडकतात ते आम्ही रोज बघतो. तिच्या बाबतीत १९७० चे विजय आणि १९७५ चे विजय एकाच बाईच्या खात्यावर राहिले.

आणि मग १९७५ चा मोसम संपला, पाचवं अजिंक्यपद मिळालं, आणि ती थांबली. वय बावीस. वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. ज्यांनी लाकूड तासून तिच्या स्की केल्या, तेच हे वडील. तिनं १९७५-७६ चा सगळा हिवाळा शर्यतींबाहेर काढला, त्यांच्या आजारपणात त्यांच्याजवळ राहण्यासाठी. इन्सब्रुकचं ऑलिंपिक त्याच हिवाळ्यात होतं.

आता इथे जरा थांबू. ही गोष्ट कुठेही सांगितली की ऐकणारा लगेच म्हणतो, "केवढा त्याग!" आम्हाला त्या शब्दाची थोडी भीती वाटते. त्याग म्हटलं की हार घालतात, टाळ्या वाजवतात आणि विषय संपतो. काय गेलं, कुणाचं गेलं, ते परत मिळायची काही सोय आहे का, हे कुणी विचारत नाही. आमच्या त्या ताईलाही बैठकीत सगळ्या म्हणाल्या, तू बापाचं केलंस, पुण्य लागेल. आणि लगेच पुढचं वाक्य, पण पाळी शेवटची. म्हणून आम्ही आनेमारीचं काय गेलं ते आकड्यात मांडून बघतो.

फेब्रुवारी १९७६. इन्सब्रुकजवळच्या आक्सामर लित्सुम इथे बायकांची डाउनहिल झाली. पश्चिम जर्मनीची रोझी मिटरमायर जिंकली. ती मोठीच खेळाडू, त्या ऑलिंपिकमध्ये तिनं दोन सुवर्ण आणि एक रौप्य नेलं. पण डाउनहिल हा तिचा हुकमी प्रकार नव्हता. त्याआधी तिनं वर्ल्ड कपची एकही डाउनहिल जिंकलेली नव्हती. रौप्यपदक ऑस्ट्रियाच्याच ब्रिगिटे टोट्शनिगला मिळालं. आनेमारी असती तर जिंकलीच असती असं आम्ही म्हणणार नाही. साप्पोरोलाही ती असतीच की, आणि दुसरी आली. बर्फावर कुणाचं काही लिहून ठेवलेलं नसतं. पण घरच्या उतारावर, बावीस-तेविसाव्या वर्षी, पाच वर्षं जगात पहिली असताना खेळायची संधी, एवढं निश्चित गेलं. ते परत आलं नाही. शिवाय त्या हिवाळ्याचं वर्ल्ड कपही गेलं. ते मिटरमायरनं जिंकलं. सलग सहा व्हायचे ते पाचावर थांबले.

या खेळात वर्षभर बाहेर राहणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. आपल्याला वाटतं, घसरायचंच तर आहे, विसरणार काय? पण ताशी शंभरच्या वेगात खड्डा दिसून पाय दुमडेपर्यंत वेळ नसतो. शरीरानं आधीच ओळखायला लागतं. ती ओळख रोजच्या सरावानं टिकते. मांड्यांची ताकद जाते, वेगाची सवय जाते, आणि मनातली भीती मात्र मोकळ्या जागेत येऊन बसते. घरकाम करून घसरण्याचा सराव होत नाही, कितीही थकवा आला तरी.

ती परत आली १९७६-७७ च्या मोसमात. पहिली आली का? नाही. एकूण गुणांत दुसरी. स्वित्झर्लंडची लिझ-मारी मोरेरो पहिली. डाउनहिलच्या गुणांत तर पहिली आली तीच ब्रिगिटे टोट्शनिग, जी इन्सब्रुकला दुसरी आली होती. आता लग्न होऊन तीही हाबर्साटर झाली होती. म्हणजे ही नसताना मागच्या रांगेतल्या जणी पुढे आल्या होत्या आणि त्यांनी का सोडावं? हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. कुणी जागा धरून ठेवली नव्हती. पण कुणी दारही लावून घेतलं नव्हतं. तिचे आधीचे विजय तिच्या नावावर होते, आणि सुटायच्या फाटकापाशी तिला उभं राहता येत होतं.

१९७८ ला गार्मिश-पार्टेनकिर्शेनला ती पुन्हा डाउनहिलची विश्वविजेती झाली. एकूण गुणांत मात्र पुन्हा दुसरी, या वेळी लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशाची हानी वेन्झेल पुढे. १९७९ मध्ये पुन्हा याच दोघींची झुंज लागली आणि आनेमारी अवघ्या तीन गुणांनी पहिली आली. सहावं अजिंक्यपद. पाचवं आणि सहावं यांच्यामध्ये चार वर्षांचं अंतर आहे. आमच्या लेखी पहिल्या पाचांपेक्षा हे सहावं जड. पहिली पाच मिळाली तेव्हा तिच्या मागे कुणी नव्हतं. सहाव्याच्या वेळी पुढे होत्या.

राहिलं ते ऑलिंपिकचं. फेब्रुवारी १९८०, अमेरिकेत लेक प्लॅसिड. आता ती जवळजवळ सत्तावीस वर्षांची. जिनं दोनदा मागे टाकलं ती नादिग स्पर्धेत होती आणि त्या हिवाळ्यात डाउनहिलला तीच जोरात होती. त्या मोसमाचं डाउनहिलचं पद नादिगनंच नेलं. हानी वेन्झेलही होती. १७ फेब्रुवारी, व्हाइटफेस डोंगर, कडाक्याची थंडी आणि वारा. साधारण २७०० मीटरचा मार्ग. आनेमारी खाली आली तेव्हा घड्याळात १ मिनिट ३७.५२ सेकंद होते. हिशोब करून बघितला तर हा वेग सरासरी ताशी शंभराच्या जवळ जातो, आणि ही सरासरी आहे, बरं का. वेन्झेल ०.७० सेकंदानं मागे, दुसरी. नादिग तिसरी. आठ वर्षांपूर्वी ०.३२ सेकंदानं जे गेलं होतं ते दुपटीपेक्षा जास्त फरकानं मिळालं. त्याच शर्यतीत तिची धाकटी बहीण कोर्नेलियाही ऑस्ट्रियाकडून उतरली होती.

वेन्झेलनं मग त्याच ऑलिंपिकमध्ये स्लॅलम आणि जायंट स्लॅलम दोन्ही जिंकलं, म्हणजे हरलेली बाईही लेचीपेची नव्हती, एवढं सांगून पुढे जातो.

तो मोसम संपल्यावर आनेमारीनं शर्यती कायमच्या सोडल्या. या वेळी स्वतःच्या मनानं. गावी, क्लाइनआर्लला, तिनं कॅफे चालवलं, आपल्याकडच्या चांगल्या हॉटेलासारखं, चहा-कॉफी, केक आणि भिंतीला चषक. पुष्कळ वर्षं चालवलं. जग फिरून आलेल्या बाईनं गावात परत येऊन गल्ला सांभाळला, याचं तिकडच्या लोकांना नवल वाटलं असेल-नसेल, आम्हाला नाही वाटलं. पुढे १९९९ मध्ये ऑस्ट्रियानं तिला शतकातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून निवडलं.

तिचे ६२ विजय पस्तीस वर्षं कुणाला गाठता आले नाहीत. गाठले ते अमेरिकेच्या लिंडसी व्हॉननं. १८ जानेवारी २०१५ ला इटलीत कोर्तिनाला ६२ वा आणि दुसऱ्याच दिवशी ६३ वा. या व्हॉनची गोष्टही ऐकण्यासारखी. २०१३ मध्ये पडून तिचा गुडघा फुटला होता, त्यापायी २०१४ चं ऑलिंपिक हुकलं होतं. म्हणजे जिनं विक्रम मोडला तिच्याही खात्यात एक रिकामा हिवाळा होता. एकीचा आजारपण काढण्यात गेला, एकीचा स्वतःच्या दुखण्यात. मग जानेवारी २०१६ मध्ये व्हॉननं डाउनहिलचा ३६ चा आकडाही गाठला, तो झाउखेनझेला, क्लाइनआर्लच्या जवळच्याच डोंगरांत.

तर ही सनावळी आम्ही त्या गटाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवली. बर्फ, स्की सगळं समजावता समजावता चहा गार झाला. एका आजींनी एवढंच विचारलं, "तिचा बाप बघायला होता का गं, जिंकली तेव्हा?" १९८० ला नव्हता, असं सांगितलं. मग थोडा वेळ कुणी बोललं नाही.

ताईचा निर्णय त्या दिवशी झाला तो असा. थकलेले आठ हप्ते तिनं दहा महिन्यांत भरायचे, त्याला दंड नाही. रजिस्टरात तिचा क्रमांक सात होता तो सातच राहील आणि मधल्या आठ महिन्यांपुढे ‘गैरहजर’ ऐवजी ‘वडिलांचे आजारपण’ असं लिहायचं. कर्जाची पाळी मात्र दोन जणींच्या मागे, कारण त्या दोघी त्या काळात नियमित होत्या आणि त्यांचंही काही चुकलेलं नाही. सगळ्यांना हे पटलं असं नाही. ती एसटीच्या सीटवाली अजून आमच्यावर रागावलेली आहे.

तुमच्या गटात अशी वेळ आली तर रजिस्टरात काय लिहिता, मैत्रिणींनो? केंद्रावर फोन करून किंवा पत्रानं जरूर कळवा. नाव सांगायचं नसेल तर नुसता गावाचा उल्लेख केला तरी चालेल.